कुलूप शाबूत, माल गायब

चोरीच्या पंचनाम्यातलं माझं सर्वांत आवडतं वाक्य म्हणजे 'कुलूप शाबूत आढळले'. बाकीचा सगळा पंचनामा एका पारड्यात आणि हे तीन शब्द दुसऱ्या पारड्यात. आतलं सामान गेलेलं असतं, मालक डोक्याला हात लावून पायरीवर बसलेला असतो, हवालदार पेन्सिलीला टोक करीत असतो, आणि कुलूप मात्र कोयंड्यात अशा ऐटीत लटकत असतं, की चोरी झाली असलीच तर ती शेजारच्या गावात! मुलगा सपशेल नापास झाल्यावरही शिकवणीच्या मास्तरांच्या चेहऱ्यावर जे गाढ समाधान असतं, ते मी फक्त अशा कुलपांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

इतिहासकारांनी या विषयाची फारशी दखल घेतलेली नाही. तलवारींवर ग्रंथ आहेत, तोफांवर आहेत, तोफांची तोंडं कुठल्या दिशेला होती यावर वाद आहेत. पण ती तलवार रात्री कुठल्या खोलीत ठेवत, त्या खोलीची किल्ली कुणाच्या कमरेला असे, आणि सकाळी मोजताना एक तलवार कमी भरली तर सर्वांत आधी कुणाकडे बघत, हे कुणी सांगत नाही. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. इतिहासाशी माझा संबंध मागील बाकी पुढे ओढण्यापुरता. पण कोठार, किल्ली आणि शिल्लक हा विषय थेट आमच्याच टेबलावरचा आहे, तेव्हा त्याची मागील बाकी मी जरा लांबून ओढत आणणार आहे. म्हणजे साधारण सव्वातीन हजार वर्षं.

इजिप्तमध्ये, नाईलच्या पश्चिम तीरावर, हल्ली ज्याला देर-अल-मदीना म्हणतात असं एक गाव होतं. राजांच्या थडग्यांचं खोदकाम करणाऱ्या कारागिरांची ही सरकारी वसाहत. पगार धान्यात मिळायचा आणि हत्यारं सरकारी. आता ही हत्यारं तांब्याची. तांबं म्हणजे तेव्हाचा रोख पैसा! छिन्नी बोथट झाली की पुन्हा धार करायला परत द्यायची. त्यामुळे एखाद्या हुशार माणसाने छिन्नी 'झिजवून' परत केली आणि झिजलेलं तांबं घरच्या मडक्यात टाकलं, तर धरणार कसा?

यावर तिथल्या कारकुनाने काढलेली तोड वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. छिन्नी देताना ती तोलायची, तिच्या वजनाचा एक दगड करून त्यावर तशी नोंद कोरायची, आणि तो दगड आपल्याकडे ठेवायचा. परत आली की पुन्हा तोल. थडग्यात उजेडासाठी लागणाऱ्या दिव्यांच्या वातीसुद्धा मोजून दिल्या जात. सकाळी इतक्या, दुपारी इतक्या. वाचकहो, पिरॅमिड बघून ज्यांना इजिप्तचं कौतुक वाटतं त्यांना वाटो. मला त्या वातींच्या हिशेबाचं वाटतं. ज्या देशात राजा देव आहे त्याच देशात वात मोजून मिळते, यालाच मी प्रशासन म्हणतो.

तरीही चोरी व्हायची ती व्हायचीच. इसवी सनापूर्वी १२००च्या आसपासचा एक तक्रारअर्ज सापडलेला आहे. अर्जदार अमेननख्त. अर्ज वजिराच्या नावे. आणि तक्रार कुणाविरुद्ध, तर पानेब नावाच्या मुकादमाविरुद्ध. म्हणजे ज्याच्या हाताखाली सगळी माणसं आणि सगळी हत्यारं, त्याच्याचविरुद्ध. आरोपांची यादी मारुतीच्या शेपटीसारखी. राजाच्या थडग्यातल्या वस्तू उचलल्या, सरकारी माणसांना आपल्या खाजगी कामाला जुंपलं, सरकारी हत्यारं स्वतःचं थडगं खोदायला वापरली. त्यातला एक आरोप तर इतका ओळखीचा आहे की अर्ज कालच्या टपालाने आला असं वाटावं. दगड फोडायचं एक मोठं हत्यार नाहीसं झालं. 'नाही, नाही' म्हणत लोक महिनाभर ते शोधत राहिले. आणि एक दिवस पानेबने ते गुपचूप आणून एका मोठ्या दगडाआड ठेवून दिलं! स्टेपलर ज्या दिवशी ऑडिटर येतो नेमका त्याच दिवशी कपाटामागे कसा सापडतो, याचा उगम असा प्राचीन आहे.

मात्र निकाल द्यायची घाई करू नका. अर्जदार अमेननख्तचे वडील पूर्वी त्याच जागी मुकादम होते, त्यांच्यानंतर भाऊ होता, आणि भावानंतर आपला नंबर अशी त्याची पक्की समजूत होती. मध्येच हा पानेब आला. अमेननख्तचं म्हणणं असं की त्याने आधीच्या वजिराला पाच नोकर लाच देऊन जागा मिळवली. म्हणजे अर्जातली निम्मी शाई तांब्याची आणि निम्मी प्रमोशनची. पानेबचा जबाब उरलेला नाही. पुढच्या कागदांतून त्याचं नावच नाहीसं होतं. उरला आहे तो अर्ज, आणि तोही 'सॉल्ट पपायरस' या नावाने लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. सॉल्ट हे इजिप्तमधले इंग्रज वकील, आणि तिथल्या प्राचीन वस्तू गोळा करून मायदेशी पाठवण्यात मोठे वाकबगार. थडग्यातल्या वस्तू हलवल्याचा तक्रारअर्जच अशा रीतीने इजिप्तमधून हलला.

आता त्या काळची 'कुलपं' पाहा. कोठाराचं किंवा थडग्याचं दार बंद करताना दोरी बांधायची, गाठीवर ओली माती थापायची आणि त्यावर शिक्का उठवायचा. झालं कुलूप! माझ्या पाच वर्षांच्या पुतणीलाही ते फोडता आलं असतं. पण तो शिक्का दार अडवण्यासाठी नव्हताच. तो चुगली करण्यासाठी होता. शिक्का मोडला की दार उघडलं गेलं हे कळणार, आणि तोच शिक्का पुन्हा उठवायचा तर तो ज्याच्याकडे आहे त्यालाच उठवता येणार. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला तुतनखामेनचं थडगं सापडलं, तेव्हा पूर्वी कधीतरी चोर आत शिरले होते आणि नंतर पहारेकऱ्यांनी दार पुन्हा लिंपून शिक्के मारले होते, हे त्याला त्या लिंपणावरूनच समजलं. तीन हजार वर्षांनंतरही चुगली चोख!

थोडक्यात, कुलपांच्या दोन जाती. एक अडवणारी आणि दुसरी सांगणारी. अडवणाऱ्या कुलपाचा रुबाब मोठा, वजन मोठं, किंमत मोठी. सांगणारं कुलूप दिसायला बावळट. तोललेला दगड, मातीचा शिक्का, लाखेचं सील, नोंदवही. आपल्या कौटिल्याला हा भेद पुरता ठाऊक असावा. अर्थशास्त्रात त्याने सरकारी मालाच्या अपहाराचे ४० प्रकार मोजून दिले आहेत, आणि ते बहुतेक सगळे हिशेबनिसांचे आणि कोठारवाल्यांचे आहेत. भिंत फोडणाऱ्या चोरासाठी त्याने वेगळी सोय केली आहे. इथे त्याचा डोळा आहे तो आतल्या माणसावर.

आतल्या माणसाचा हा रोग इंग्रजांच्या आरमाराइतका दुसऱ्या कुणाला जडला नसेल. पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत जहाजं बांधत. तिथल्या सुतारांना एक जुना हक्क होता, की कामातून उरलेल्या लाकडाच्या ढलप्या संध्याकाळी घरी न्यायच्या. हक्क तसा माणुसकीचा होता. पण हक्क आहे म्हटल्यावर ढलप्या कमी पडून कसं चालेल? तेव्हा सुतारमंडळी कामाच्या वेळात चांगलं लाकूड कापून त्याच्या सुबक ढलप्या पाडू लागली! शेवटी १८०१ साली सरकारने ढलप्या बंद केल्या आणि त्याबदली रोख भत्ता सुरू केला. भत्त्यांच्या इतिहासात या भत्त्याला मानाचं पान मिळायला हवं.

दोरखंडांची तऱ्हा निराळीच. आरमाराचा दोर कापून बाजारात नेला की तो कुणाचा हे ओळखायचं कसं? म्हणून सरकारी दोरात एक वेगळा धागा वळत. पुढे तर प्रत्येक गोदीचा रंग ठरलेला असे. दोर कुठेही कापा, आत तो धागा हजर. इंग्रजीत त्याला 'रोग्ज यार्न' म्हणत, म्हणजे लबाडाचा धागा. पुन्हा तेच पाहा. हा धागा दोर चोरीला जाऊ देतो, पण गेल्यावर बोलतो.

आणि मग उजाडलं १८१७ साल. आपल्याकडे त्या वर्षी नोव्हेंबरात खडकीला पेशव्यांची फौज इंग्रजांपुढे मागे हटली आणि पुणं गेलं. त्याच्या दोन वर्षं आधी वॉटर्लूला नेपोलियन आटोपला होता. साऱ्या जगाच्या किल्ल्या अशा एकेक करून इंग्रजांच्या जुडग्यात येत होत्या. आणि नेमक्या त्याच १८१७ साली, त्यांच्या स्वतःच्या पोर्ट्समथच्या गोदीत, बनावट किल्ल्यांनी कुलपं उघडून चोरी झाली! शनिवारवाडा घेता येतो, पण आपली वखार सांभाळता येत नाही, हा धडा इंग्रजांनी इतिहासाच्या पुस्तकात छापलेला दिसत नाही.

सरकार खडबडून जागं झालं आणि बक्षीस जाहीर झालं. जे कुलूप फक्त स्वतःच्याच किल्लीने उघडेल असं कुलूप करून दाखवा. त्या गावात जेरेमाया आणि चार्ल्स चब हे दोन भाऊ लोखंडी सामानाच्या धंद्यात होते. जेरेमायाने १८१८ साली आपल्या 'डिटेक्टर' कुलपाचं पेटंट घेतलं आणि १०० पौंडांचं बक्षीस मिळवलं. या कुलपाची खुबी अशी, की कुणी बनावट किल्लीने किंवा तारेने आतली लिव्हर जरुरीपेक्षा जास्त वर उचलली, की कुलूप अडकून बसे. मग मालकाने आपली खरी किल्ली घातली तरी ते उघडेना. त्यासाठी वेगळी किल्ली लागे. म्हणजे कुलूप मालकाला सांगे, 'अहो, तुमच्या मागे इथे कुणीतरी येऊन गेलं!' इजिप्तचा मातीचा शिक्काच तो, फक्त पितळेत ओतलेला.

त्याची परीक्षा मात्र भन्नाट झाली. बंदरात जुन्या जहाजांवर कैदी ठेवलेले असत. त्यांतला एक पेशाने कुलूपवालाच निघाला. आजवरची सगळी कुलपं आपण हसत उघडली आहेत, असं त्याचं म्हणणं. त्याला सांगितलं, हे उघडून दाखव. सरकारकडून सुटका आणि चबकडून १०० पौंड. माणूस दोन-तीन महिने त्या कुलपाशी झटला आणि शेवटी हात जोडून म्हणाला, जमत नाही. मला त्या चबपेक्षा या कैद्याचं जास्त वाटतं. त्याच्या दृष्टीने ते कुलूप गोदीचं नव्हतंच. ते त्याच्या स्वतःच्या तुरुंगाचं होतं.

इंग्रजांनी पुढची तेहतीस वर्षं या कुलपाच्या भरवशावर शांत झोप काढली. १८५१ साली लंडनला मोठं प्रदर्शन भरलं. तिथे आल्फ्रेड हॉब्ज नावाचा एक अमेरिकन आपल्या कंपनीची कुलपं विकायला आला होता. विक्रेत्याने आपला माल चांगला म्हणावं ही रीत. याने शेजारच्याचा माल वाईट हे सिद्ध करून दाखवायचं ठरवलं. साक्षीदारांसमोर त्याने चबचं कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलं, आणि वर सभ्यपणे पुन्हा लावूनही ठेवलं! मग तो ब्रामाच्या कुलपाकडे वळला. हे कुलूप पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत टांगलेलं होतं, आणि उघडणाऱ्याला २०० गिनी मिळतील अशी पाटी कित्येक वर्षं खाली धूळ खात होती. त्याला हॉब्जने सोळा दिवसांत मिळून ५१ तास घेतले, पण उघडलंच. वर्तमानपत्रांतून हलकल्लोळ उडाला. आणि पुढे काही वर्षांत हॉब्जच्या कंपनीचं अजिंक्य कुलूप अमेरिकेतच लायनस येल नावाच्या दुसऱ्या कुलूपवाल्याने उघडलं, तेव्हा माझ्या मनाला फार बरं वाटलं.

आपल्याकडे ही हवा पोचली ती मुंबईला. घरफोड्यांच्या बातम्या वर्तमानपत्रात वाचून अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडलेल्या डोक्याने कुलपांचा विचार सुरू केला आणि १८९७ साली लालबागला कारखाना काढला. आणि कारखाना कशात? तर एका लहानशा शेडमध्ये! ज्या कुलपांच्या भरवशावर पुढे अर्ध्या हिंदुस्थानने शेड, वखारी आणि कपाटं बंद केली, ती कुलपं शेडमध्येच जन्मली.

इथे आता इतिहास आमच्या तालुक्याच्या गावी येतो. बँकेत 'तारण माल' नावाचा प्रकार असतो. व्यापारी कर्ज काढतो, माल एका शेडमध्ये ठेवतो, आणि दाराला कुलूप बँकेचं. २००६ साली मी ज्या शाखेत होतो, तिच्याकडे एका दुकानदाराच्या पाण्याच्या मोटारी अशा शेडमध्ये तारण होत्या. सात लिव्हरचं दणदणीत कुलूप, किल्ली बँकेच्या एका साहेबांकडे, आणि बाहेर रोजंदारीवरचा रखवालदार. त्याला सगळं गाव 'मामा' म्हणे. एकदा मोजणीत अकरा मोटारी कमी भरल्या. कुलूप शाबूत. भिंती शाबूत. पत्र्याचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. मग चोर कोण? ज्याच्याकडे किल्ली आहे तो कसा असेल, तो तर साहेब! तेव्हा ज्याच्याकडे किल्ली नाही तोच असणार, असं तर्कशास्त्र लढवून मामांना कामावरून बंद केलं. अकरा मोटारी तो धोतराच्या सोग्यात घालून बंद दारातून कसा घेऊन गेला, हे विचारण्याइतका वेळ कुणाला नव्हता.

तेराव्या दिवशी वरून इन्स्पेक्शनचे साहेब आले. याद्या लिहायला त्यांच्याबरोबर मी. मामाही बोलावल्यामुळे कोपऱ्यात उभे. दाराशेजारच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. साहेबांनी विचारलं, "या कसल्या रेघा, मामा?"

"दार उघाडलं की येक रेघ, सायेब. मला लिवता येत न्हाई. उद्या कुनी म्हनाया नगं, की मामा जाग्यावर नव्हता."

साहेबांनी रेघा मोजल्या. तेवीस. किल्लीच्या रजिस्टरात दार उघडल्याच्या नोंदी एकोणीस.

"आणि या चार वेळा कुणी उघडलं?"

"किल्लीवाल्या सायबांनीच की. रातच्याला टेम्पो घिऊन आलं व्हतं. म्या म्हनलं, ब्यांकेचंच काम असंल."

"मग इतके दिवस सांगितलं का नाही?"

मामा शांतपणे म्हणाले, "कुनी इचारलंच न्हाई."

चबच्या कुलपाची अट आठवते ना? फक्त स्वतःच्याच किल्लीने उघडणारं कुलूप हवं. आमच्या कुलपाने ती अट तंतोतंत पाळली होती. चारही वेळा ते स्वतःच्याच किल्लीने उघडलं होतं!

पुढे रीतसर चौकशी झाली, पैसे वसूल झाले, मामा कामावर परत आले. प्रश्न उरला त्या तेरा दिवसांच्या मजुरीचा. काम तर झालेलं नाही, मग ही रक्कम कुठल्या हेडखाली नावे टाकायची? यावर वरच्या ऑफिसशी चार महिने पत्रव्यवहार चालला आणि अखेर 'किरकोळ खर्च' या हेडखाली ती बसली. त्यांची माफी मागायला मात्र कुणी गेलं नाही. माफीसाठी आमच्या खातेवहीत हेडच नाही.

तेव्हापासून इतिहास वाचताना मी कुलपाची कंपनी बघत नाही. अडवणारं कुलूप कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी उघडतोच. कधी पंचवीस मिनिटांत, कधी एकावन्न तासांत, आणि किल्ली असली तर निमिषात. सांगणारं कुलूप मात्र सव्वातीन हजार वर्षं इमानेइतबारे सांगत आलं आहे. तोललेल्या दगडाने सांगितलं, मातीच्या शिक्क्याने सांगितलं, दोरातल्या धाग्याने सांगितलं, कोळशाच्या रेघेने सांगितलं. त्याची अडचण एकच. ऐकायला कुणीतरी वाकावं लागतं, आणि ते कुणीतरी किल्ली सांभाळणाऱ्याहून दुसरं असावं लागतं. नाहीतर पहिला संशय नेहमी त्याच्यावर जातो, जो दाराच्या बाहेर उघड्यावर उभा असतो.

म्हणून पंचनाम्यात 'कुलूप शाबूत आढळले' असं लिहून झालं, की हवालदारसाहेबांना माझी हात जोडून विनंती आहे. पेन्सिल इतक्यात खिशात टाकू नका. खाली आणखी एका ओळीला जागा सोडा, आणि तिथे लिहा, 'किल्ली कुणाकडे होती?'